घरचा ईव्ही चार्जर सारखा ट्रिप होतोय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"चार्जर ट्रिप होतोय, काय करू?" एवढंच कुणी विचारलं की मी उलट दोनच गोष्टी विचारतो. पडलं काय आणि पडलं कधी. याची उत्तरं नीट मिळाली की निम्मं काम तिथेच होतं, आणि नाही मिळाली तर मग चार्जर बदला, एमसीबी बदला, वायरमन बदला असं चक्र सुरू होतं ज्यात पैसे जातात आणि खटका मात्र पडतच राहतो. खालचे आकडे २३० व्होल्टच्या सप्लायला धरून आहेत.

नेमकं काय ट्रिप झालंय हे कसं ओळखायचं?

डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांचा डबा, उघडा आणि कुठला खटका खाली आलाय ते बघा. नुसता खटका असलेला साधा स्विच म्हणजे एमसीबी. तो मुख्यतः दोन कारणांनी पडतो, लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला, आणि कधीकधी नुसत्या उष्णतेने, ते खाली येतंच. ज्यावर टी लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं आणि ३० मिलीअँपिअर असा आकडा छापलेला असतो तो आरसीसीबी. त्याला लोडशी काही घेणंदेणं नसतं, तो फक्त लीकेज, म्हणजे वाट सोडून दुसरीकडे जाणारा करंट, बघतो. दोन्ही कामं एकाच डबीत करणारा आरसीबीओही असतो, त्यावर टेस्ट बटण पण असतं आणि सी ४० वगैरे असं रेटिंग पण, तिथे मात्र नुसतं बघून कारण कळत नाही.

आणि डीबीत सगळे खटके वर आहेत, चार्जरवर मात्र लाल लाइट लागलाय, तर ते ट्रिप नाहीच. चार्जरने स्वतःहून चार्जिंग थांबवलंय. त्याचं वेगळं उत्तर खाली आहे.

एक बारीक गोष्ट. काही एमसीबी ट्रिप झाले की खटका पूर्ण खाली न येता मध्येच लटकतो, लांबून बघितलं तर वरच आहे असं वाटतं. तो आधी पूर्ण खाली दाबायचा, मग वर करायचा. नाहीतर बसत नाही आणि माणसाला वाटतं एमसीबीच गेला.

कधी पडतो याने काय फरक पडतो?

खूप. गन (गाडीत घालायचा चार्जरचा प्लग) लावल्या लावल्या किंवा चार्जरमधला रिले (आपोआप चालू-बंद होणारा आतला स्विच) टक् वाजला की लगेच पडत असेल तर इन्सुलेशन, ओल, न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागणं, शॉर्ट, असल्या गोष्टी शोधायच्या. वीस मिनिटांनी, तासाने, दीड तासाने पडत असेल तर ती उष्णता आहे, जवळपास नेहमीच. रोज ठराविक वेळेला पडत असेल तर चार्जर सोडा, त्या वेळेला घरात दुसरं काय चालू होतं ते बघा, टायमरवरचा गीझर, पाण्याची मोटर, काहीही. आणि फक्त पावसात पडत असेल तर तुम्हाला उत्तर माहितीच आहे.

एमसीबी लगेच नाही, पाऊण-एक तासाने पडतो. चार्जर तर चालतोय मग का?

सगळ्यात जास्त येणारी केस हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एमसीबीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. करंटने ती तापते, तापली की वाकते, पुरेशी वाकली की खटका पाडते. म्हणजे एमसीबी खरं तर करंट मोजत नाही, उष्णता मोजतो. घरगुती एमसीबीच्या स्टँडर्डप्रमाणे रेटिंगच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटला तासाभरात पडलाच पाहिजे, पण हा हिशोब भोवतालचं तापमान ३० अंश धरून आहे. आता तुमचा डीबी भिंतीवर, उन्हाच्या बाजूला, आतमध्ये चार-पाच एमसीबी खेटून बसलेले, तिथे ३० अंश कुठून असणार.

७.४ किलोवॅटचा चार्जर घेतो ३२ अँपिअर. त्याला ३२ चाच एमसीबी लावलेला असतो आणि हिशोब कागदावर बरोबर दिसतो. पण घरातली बाकी कुठलीच वस्तू अशी सलग पाच-सहा तास फुल लोड घेत नाही. गीझर पंधरा मिनिटं, ओव्हन अर्धा तास, एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद. गाडी मात्र लावली की रात्रभर ३२ म्हणजे ३२. म्हणून गरम डब्यातला ३२ चा एमसीबी तासाभराने हात टेकतो.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे ॲपमधून किंवा गाडीच्या स्क्रीनवरून करंट २४ वर आणा आणि रात्रभर बघा. पडला नाही तर उष्णतेचाच मामला आहे हे नक्की. मग पुढे तीन वाटा, स्क्रू घट्ट आहेत का ते तपासून घ्या, एमसीबीच्या शेजारी थोडी मोकळी जागा सोडा, आणि केबल तेवढी जाड असेल तरच ४० चा एमसीबी लावा. काही देशांत सलग चालणाऱ्या लोडला सव्वापट रेटिंगचा ब्रेकर लावायचा असा नियमच आहे, ३२ ला ४० तिथूनच येतं. सोबतचा आरसीसीबीही मग कमीत कमी ४० अँपिअरचा हवा, हे विसरलं जातं.

म्हणजे मोठा एमसीबी लावला की झालं ना?

नाही! वर "केबल तेवढी जाड असेल तरच" लिहिलंय ते नीट वाचा. एमसीबी चार्जरला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. वायर ४ स्क्वेअर एमएमची, पाइपमधून गेलेली, आणि त्यावर तुम्ही ४० किंवा ५० चा ठोकला, तर खटका पडायचा थांबेल, पण तापायची मात्र वायर, तीही भिंतीच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही. ३२ अँपिअरला साधारण ६ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल वापरतात, अंतर जास्त असलं किंवा पाइपात बाकीच्या वायरींची गर्दी असली तर १० ची. ६ च्या केबलमध्ये २५ मीटरवर ३२ अँपिअरला साधारण ६ व्होल्ट पडतात, ते चालण्यासारखं आहे. किती जाड लागेल हे शेवटी वायर कशी नेलीय त्यावर ठरतं, त्यामुळे फोनवर कुणी "लाव रे ४०, काही होत नाही" म्हणालं तर ऐकू नका.

स्क्रू सैल असल्याने खरंच ट्रिप होतो का?

होतो आणि लोकांना हे पटतच नाही. साधा हिशोब करा. सैल जोडात ०.०५ ओहम एवढा किरकोळ रेझिस्टन्स असला तरी ३२ अँपिअरला ५१ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एका स्क्रूच्या टोकावर सोल्डरिंग गनएवढी. ती उष्णता तांब्यातून सरळ एमसीबीच्या आत जाते, पट्टी तापते, खटका पडतो. करंट बरोबर, वायर बरोबर, एमसीबीही बरोबर, आणि तरी पडतो.

माझ्याकडे हेच झालेलं. बसवणाऱ्याने चार्जर चालू करून दाखवला, पाच मिनिटं सगळं हिरवं, तो गेला आणि त्याच रात्री एमसीबी पडला, मग रोज. मी महिनाभर चार्जरला शिव्या देत होतो. शेवटी दुसऱ्या वायरमनने डीबी उघडला तर न्यूट्रलची वायर टर्मिनलमध्ये अर्धीच गेलेली, स्क्रू तांब्यावर नाही तर प्लास्टिकवर आवळलेला, आणि ते प्लास्टिक तपकिरी झालेलं. वायर कापून, नीट सोलून परत बसवली, तेव्हापासून एकदाही नाही.

बारीक तारांची वायर असेल तर टोकाला लग (धातूची छोटी टोपी) दाबून मगच टर्मिनलमध्ये घालायची, नुसत्या तारा पिळून घातल्या की काही महिन्यांत त्या दबतात आणि जोड सैल होतो. ॲल्युमिनियमची वायर असेल तर हे अजून लवकर होतं. डीबीतून जळका, माशासारखा वास येत असेल, स्विचचा रंग बदलला असेल, किंवा चुर्रर्र आवाज येत असेल तर चार्जिंग तिथेच बंद, आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन आत हात घालू नका. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या बाजूला करंट असतोच.

आरसीसीबी पडतोय. लोड तर काहीच नाही, मग?

आरसीसीबी बघतो की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. फरक दिसला म्हणजे तेवढा करंट दुसरीकडून, अर्थमधून किंवा एखाद्याच्या अंगातून चाललाय, आणि तो सप्लाय तोडतो. ३० मिलीअँपिअर लिहिलेला आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कधीही पडू शकतो, म्हणजे १८ ला पडला तर तो खराब नाहीये.

आता गंमत अशी की प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू फिल्टरमुळे थोडं थोडं लीकेज सोडतच असते. गाडीचा ऑनबोर्ड चार्जर (गाडीच्या आतला, एसीचं डीसी करणारा) सोडतो, कॉम्प्युटर सोडतो, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, एलईडीचे ड्रायव्हर, सगळेच. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर हे सगळं तिथे गोळा होतं, आधीच दहा-बारा झालेले असतात, वर गाडी येते, आणि खापर गाडीवर फुटतं. म्हणून चार्जरला स्वतःचा वेगळा आरसीसीबी हवा आणि तो घराच्या आरसीसीबीच्या मागून नाही तर मेनपासून वेगळा घेतलेला हवा. एकामागे एक दोन ३० मिलीअँपिअरचे असतील तर कुठला पडेल याचा नेम नसतो, कधी हा कधी तो, आणि शोधणारा वेडा होतो.

चार्जरचा एमसीबी बंद ठेवला तरी आरसीसीबी बसत नाही. हे कसं काय?

चांगला प्रश्न, कारण इथे बरेच जण "म्हणजे चार्जरचा दोष नाही" असं समजून चुकीच्या दिशेने जातात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले असतील, चार्जरच्या मागे वायर चेपली गेली असेल, जंक्शनमध्ये पाणी असेल, तर घरातल्या बाकीच्या लोडचा न्यूट्रलचा करंट त्या वाटेने अर्थमध्ये शिरतो आणि आरसीसीबी पडतो. फेज बंद असला तरी. त्यामुळे तपासताना चार्जरच्या केबलचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून बघावं लागतं, किंवा मग डबल पोल (दोन्ही तोडणारा) एमसीबी असला तर तो बंद केला की पुरे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चार्जरचा फेज नवीन आरसीसीबीतून घेतला आणि न्यूट्रल मात्र जवळ होता म्हणून घराच्या जुन्या न्यूट्रलच्या पट्टीवर टाकला. गेला करंट एकीकडून, आला दुसरीकडून. गाडी चार्ज व्हायला लागली की त्याच क्षणी पडणार, रोज, न चुकता.

टाइप एसी, टाइप ए, टाइप बी, हे काय प्रकरण आहे?

हे आरसीसीबीचे प्रकार. टाइप एसीला फक्त साध्या एसी करंटचं, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटचं, लीकेज कळतं. टाइप एला तुटक, झटक्याझटक्याने येणारं डीसी पण कळतं. टाइप बीला सरळ सपाट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारं, लीकेजही कळतं. गाडीत बॅटरी आहे आणि बॅटरी डीसी आहे, काही बिघडलं तर सपाट डीसी लीक होऊ शकतं, आणि त्याचा वाईट परिणाम असा की टाइप एसी किंवा ए चा आतला गाभा त्या डीसीने आंधळा होतो, मग खरा शॉक लागत असतानाही तो पडत नाही. पडणारा आरसीसीबी त्रास देतो, पण न पडणारा जास्त वाईट.

म्हणून ईव्हीसाठी दोनच नीट पर्याय. चार्जरच्या आतच ६ मिलीअँपिअर डीसी लीकेज ओळखायची सोय असेल तर बाहेर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी. चार्जरच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, नसेल लिहिलेलं तर कंपनीला विचारून घ्या. टाइप एसी तुमच्या डीबीत चार्जरला लावलेला दिसला तर तो बदलायचाच, पडत असो वा नसो.

सारखा पडतो म्हणून आरसीसीबी काढून टाकला तर?

नको. ओल्या फरशीवर उभं राहून लोखंडी अंगाच्या गाडीला हात लावणारे तुम्ही आणि तुमची पोरं. विषय संपला.

दोष गाडीत आहे की चार्जरमध्ये, घरच्या घरी कसं कळेल?

अदलाबदल करून. गन न लावता चार्जर नुसता चालू ठेवा, पडला तर गाडी निर्दोष सुटली, दोष चार्जर किंवा केबलमध्ये. नुसता चालतो आणि गन लावून चार्जिंग सुरू झालं की पडतो, तर तीच गाडी दुसऱ्या एसी चार्जरवर लावा आणि जमलं तर दुसऱ्या कुणाची गाडी तुमच्या चार्जरवर. गाडी जिथे जाईल तिथे पाडत असेल तर ऑनबोर्ड चार्जर किंवा चार्जिंग पोर्ट दाखवायला सर्व्हिस सेंटरला. फास्ट डीसी चार्जरवर नीट चालते म्हणून गाडी ठीक आहे असं मात्र समजू नका, डीसीमध्ये ऑनबोर्ड चार्जर वापरलाच जात नाही.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच पडतो?

गनच्या पिनांमध्ये, गाडीच्या पोर्टमध्ये किंवा चार्जरच्या डब्यात ओल. गन लटकवताना तोंड खाली ठेवा, टोपी लावा, जमिनीवर टाकून देऊ नका. भिंतीवरच्या डब्याला केबल वरून आत घेतली असेल तर पाणी केबलवरून ओघळत थेट आत जातं, केबल खालून घ्यायची आणि आत शिरायच्या आधी एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथून टपकतं. डब्यावर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचाव किती ते सांगणारा आकडा) लिहिलंय पण ग्लँड (केबल आत शिरते तिथलं घट्ट बूच) सैल असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

डीबीत काहीच पडलेलं नाही, चार्जर मात्र लाल होऊन थांबतो

तो अर्थिंग तपासतोय आणि त्याला ते मिळत नाहीये, ही पहिली शंका. फेज-न्यूट्रल उलटे झाले असले तरी काही चार्जर अर्थचाच एरर दाखवतात. नाहीतर व्होल्टेज फार कमी किंवा जास्त जातंय, किंवा चार्जर उन्हात बसून तापलाय.

अर्थिंगचा एरर घालवायला न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे महाभाग आहेत. वरचा न्यूट्रल कधी तुटला तर अख्खी गाडी लाइव्ह होईल. असं कुणी करून दिलं असेल तर आजच काढून घ्या आणि खरं अर्थिंग करून घ्या.

चार्जरचा नाही, घराचा मेनच पडतो

म्हणजे एकूण लोड झेपत नाहीये. चार्जर ३२ अँपिअर, गीझर ९, एसी ७, इंडक्शन ८, बेरीज करा आणि मेनचा आकडा बघा. चार्जिंग मध्यरात्रीनंतर टाका किंवा करंट १६ वर ठेवा, रात्रभरात तेवढ्यानेही बरंच होतं. लोड बॅलन्सिंगवाला चार्जर असेल तर मेन वायरवर एक सेन्सर बसवतात आणि घराचा लोड वाढला की चार्जर आपोआप कमी घेतो, तो मला सगळ्यात आवडलेला उपाय. थ्री फेज असेल तर सगळं जड सामान एकाच फेजवर तर नाही ना ते बघा.

करंट कमी ठेवल्याने गाडीला किंवा बॅटरीला त्रास?

काहीच नाही, फक्त वेळ जास्त. चार्जर एका सिग्नल वायरवरून सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल पाठवतो, त्यातला चालू भाग किती टक्के त्यावरून गाडीला कळतं की किती करंट घ्यायचा. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, साधारण ५३ टक्के म्हणजे ३२. गाडी त्या मर्यादेतच राहते. ६ च्या खाली मात्र जाता येत नाही.

भिंतीतल्या १६ च्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर लावतो, त्याचाही एमसीबी पडतो

३.३ किलोवॅट म्हणजे १४ अँपिअरच्या वर, आठ-दहा तास सलग. साधं सॉकेट यासाठी बनवलेलं नसतं, आतल्या पत्र्याची पकड सैल होते, तापतं, आणि तीच सैल स्क्रूची गोष्ट परत. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, चटका बसत असेल तर बंद करा. त्या लाइनवर दुसरं काही नको, सॉकेट चांगल्या दर्जाचं हवं, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबातच नाही, गुंडाळलेला असेल तर तो आतल्या आत वितळतो.

जनरेटरवर चार्जिंग होईल का?

छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेला नसतो, चार्जरला अर्थ सापडत नाही आणि तो सुरूच होत नाही. झाला तरी एवढा लोड सलग ओढणं त्याला झेपत नाही.

ट्रिप झाल्यावर कितीदा वर करून बघायचं?

एकदा. तेही वास, धूर, काळेपणा नाही हे बघून आणि गन काढून. लगेच परत पडला तर सोडून द्या. शॉर्ट असताना सारखं वर करत राहिलं की दरवेळी एमसीबीच्या आतले काँटॅक्ट जळतात. उष्णतेने पडला असेल तर तो थंड होईपर्यंत तसाही बसणार नाही.

वायरमनला बोलावल्यावर काय सांगू, काय करून घेऊ?

"चार्जर खराब आहे" असं सांगू नका, तो चार्जरच बघत बसेल. खटका पडल्यावर तो वर करायच्या आधी डीबीचा फोटो काढून ठेवा, किती वाजता, चार्जिंग सुरू होऊन किती वेळ झाला होता, करंट किती ठेवला होता, पाऊस होता का, हे लिहून ठेवा, ॲपमधला एरर कोडही. तीन-चार वेळच्या अशा नोंदी दाखवल्या की चांगला माणूस दहा मिनिटांत दोषाच्या मागावर लागतो.

करून घ्यायचं ते असं. सगळी टर्मिनल सोडून परत नीट आवळणं, कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे सांगितलेल्या जोराने. केबलची ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) चाचणी, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, किमान १ मेगाओहम तरी यायलाच हवा, चांगल्या केबलला त्याच्या कितीतरी पट येतो, पण मेगर लावायच्या आधी चार्जर आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा) सोडवायचे, नाहीतर चार्जरचं बोर्ड उडेल. लीकेज क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमट्यासारखं धरायचं मीटर) फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र धरून चार्जिंग चालू असताना किती मिलीअँपिअर दिसतात तेही बघायला सांगा. आणि साधा मल्टीमीटर एवढंच घेऊन आलेला माणूस "सगळं ओके आहे" म्हणाला तर त्याला विचारा की एक तास फुल लोडवर चालवून थांबणार का, कारण तुमचा खटका पाऊण तासाने पडतो आणि तो पाच मिनिटांत निघालाय.